झेंडूचं तोरण आणि कारखान्याचा भोंगा

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या, कारण मी माझी फजिती स्वतः सांगतोय. आमच्या वाडीत सगळ्यांना ती माहीत आहेच, तुम्हीच तेवढे राहिलात.

तीस वर्षं मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात सेफ्टी सांभाळली. भोंगा वाजला की हात आपोआप मेन स्विचवर जायचा. निवृत्त झाल्यावर ही सवय कुठे ठेवायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. आधी कुणाच्या घरी आणि नंतर कुणाच्या, यावरून दोन वर्षं भावकीत बोलणं बंद होतं. यंदा तीन बैठका होऊन क्रम ठरला आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. संध्याकाळी गावकीत वाचायला तो कागद नीट टाईप करून आणायचं काम मी घेतलं. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही!

सकाळी बसून सगळी घरं टाईप केली. मूळ कागद बायकोकडे, सुनंदाकडे, दिला आणि ऐटीत म्हटलं, "हा बंबात घाल. सगळं संगणकात सुरक्षित आहे." मग यादीला शोभा हवी म्हणून झेंडूच्या तोरणाची चौकट शोधली. एका ठिकाणी फुकट मिळत होती. घेतली.

पाचच मिनिटांत पडदा लालभडक! 'तुमचा संगणक धोक्यात आहे', आणि सोबत भोंगा, अगदी आमच्या कारखान्यासारखा. डोक्यात विचार यायच्या आत मी घराचा मेन स्विच पाडला होता.

पुन्हा चालू केला, पुन्हा भोंगा, पुन्हा स्विच. तिकडे वाटण अर्धवट राहिलं म्हणून सुनंदा ओरडत होती. तिसऱ्यांदा भोंगा वाजलाच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि संगणक तिथंच बसला.

मी घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. मग कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे अपघात अहवाल लिहिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'सुनंदाने काल पाहिलेली कुरडयांची रेसिपी.'

संगणकाचा डबा गोधडीत गुंडाळून स्टँडवर गेलो. कशेडी घाटात ट्रक आडवा झालेला, त्यामुळे एसटी येईना. गावकीला चार तास उरलेले, आणि मी दर दोन मिनिटांनी उठून रस्ता बघतोय. लोकांना वाटलं, मांडीवर आजारी पोर आहे.

महाडला इक्बालभाईंचं दुरुस्तीचं दुकान. कुवेतला पंधरा वर्षं हेच काम करून आलेला शांत माणूस. त्यांनी पेनड्राइव्ह लावून संगणक उठवला, तोरणाबरोबर आत घुसलेला व्हायरस शोधून काढला, सगळं दोनदा तपासलं. मी त्यांच्या खुर्चीमागे फेऱ्या मारत होतो.

"जरा बसा हो," ते म्हणाले. "व्हायरस किरकोळ होता, फक्त जाहिरातीचा भोंगा वाजवायचा. मशीन बंद पडलं ते वीज तोडल्यामुळं. कुणी तोडली?"

मी म्हटलं, आमच्याकडे लाइटचा फार त्रास आहे.

मग त्यांनी यादी शोधली. सापडली ती फक्त फुकट घेतलेली चौकट. चारी बाजूंनी झेंडूचं सुरेख तोरण, आणि मध्ये कोरा कागद.

"नावं सेव्ह नाय केलीत?"

तीन बैठका आणि सगळ्या सह्या मी बंबात घातल्या होत्या. परतीच्या एसटीत गावकीला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

घरी येऊन सुनंदासमोर सगळं कबूल केलं, रेसिपीचा आळ घेतल्याचंसुद्धा. तिनं तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि सह्यांचा कागद बाहेर काढला.

"जाळला नाहीस?"

"तुमी 'सुरक्षित हाय' म्हणालात ना, तवाच भ्याले मी."

गावकी छान झाली, पालखीही ठरल्याप्रमाणे फिरली. पण माझा अहवाल तिनं दुरुस्त करून फ्रीजवर चिकटवलाय, येणारा-जाणारा वाचतो. कारणात रेसिपी खोडून माझं नाव घातलंय. आणि 'पुढील उपाय' हा रकाना मी रिकामा सोडला होता, तिथं तिच्या अक्षरात आहे, 'भोंगा वाजल्यास प्रथम ह्यांना घराबाहेर काढावे.'