गॅलप सरांची चाल

आमचे गॅलप सर इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगत नसत, तो चालून दाखवत. पांढरा पायजमा, काळा कोट, डोक्यावर लोकरी टोपी, वय पन्नाशीकडे झुकलेलं. असा माणूस 'गॅलप' दाखवायला फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत कोटाची टोकं उडवत धावत आला, आणि त्याच दिवशी त्यांना हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

वेगाच्या शब्दांवर त्यांचा फार जीव. 'अँबल' म्हणजे जेवण करून रंकाळ्यावर निघालेला माणूस. 'ट्रॉट' म्हणजे रतीब घालायला निघालेला गवळी. 'कँटर' म्हणजे मोकळ्या रस्त्यावर रंगात आलेला टांग्याचा घोडा. 'स्करी' म्हणजे मॅटिनी सुटल्यावर समोर मास्तर दिसले की पळणारी आम्ही पोरं. मैदानावर रांगेत उभं करून ते शब्द पुकारायचे आणि आम्ही तसं चालायचं. चुकलं की म्हणायचे, "लेका, ह्यो कँटर न्हाय, ट्रॉटच हाय. गुडघा बघ कुठं चाललाय."

मी तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचो, विंगला. सगळी पेठ "मार, मार" म्हणून ओरडत असायची, आणि रेषेबाहेरून बाणासारखं सुटायला सांगणारा सरांचा एकच आवाज यायचा, "डार्ट. आता डार्ट." एकदा समोरच्या संघाच्या बॅकनं मला विचारलं, "तुझं नाव डार्ट हाय व्हय रं?"

पुस्तकांतून कधीच हद्दपार झालेले शब्दही ते शिकवत. 'पोस्ट-हेस्ट' आला की घोड्यावरचा टपाल्या होऊन वर्गाला फेरी मारत. "म्हातारं झालंय, पण अजून पळतंय बघा," म्हणत. ते शब्दाबद्दल बोलत, आम्ही त्यांच्याकडे बघून हसायचो. एकदा कुणीतरी म्हणालं, "सर, जेट चालून दाखवा की." सर थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "त्याला पाय न्हाईत बाळा. पाय न्हाईत तो शब्द मी शिकवत न्हाय."

पुढे मी त्याच शाळेत इंग्रजीचा शिक्षक झालो. सर निवृत्त होऊन कसबा बावड्याला राहत होते. एके दिवशी सायकल हातात धरून शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. म्हणाले, "नववीचा एक तास दे मला. मैदानावर. वेगाचे शब्द तेवढे घेतो."

"देतो की सर. पोर्शन तेवढा संपू दे."

सहामाहीनंतर आले, तेव्हाही मी हेच सांगितलं. पुढच्या वर्षीही. मला खरंच वाटायचं, एकदा पोर्शन संपला की निवांत वेळ मिळेल. तो संपला की उजळणी सुरू व्हायची. एकदा ते आले तेव्हा मी मुलांना हेच शब्द लिहून देत होतो. गाइडमध्ये सगळ्यांपुढे एकच अर्थ होता, 'वेगाने जाणे'. मुलं तेवढ्यावर पास होत. सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. तास सुटल्यावर एवढंच म्हणाले, "सगळ्यांस्नी एकाच चालीनं चालवलंस व्हय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कदाचित लागला असता.

मग त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. मी भेटायला गेलो तर अंगणात खाटेवर पडून होते. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. म्हणाले, "पोरं हितंच आण. मी शब्द सांगतो, तू चालून दाखव." मग मला अंगणात उभं केलं. मी सुटलेल्या पोटानं 'अँबल' केला. सर तोंडाच्या एका बाजूनं हसले. "बरा हाय. पोरांस्नी कवा आणतोस?"

"परीक्षा झाली की आणतो, सर."

त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं. "संपव पोर्शन," म्हणाले.

परीक्षेच्या आधीच ते गेले. निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. सायकल दामटत पोचलो, तोवर जनाजा निघाला होता. जनाजा रेंगाळत नेत नाहीत हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. माणसं झपाझप चालली होती आणि चालता चालताच खांदे बदलत होती. पुढची माणसं चार पावलं खांदा देऊन बाजूला होत, मागची आत शिरत. सरांचा मुलगा वळून म्हणाला, "या की सर, खांदा द्या." मी सायकल भिंतीला टेकवून निघालो. कधीकाळचा विंगचा खेळाडू मी, पण मला ते अंतर कापता येईना. कब्रस्तानच्या फाटकाशी गाठलं, तोवर जनाजा खाली ठेवला होता.

मागून चालताना मी सारखा त्या चालीचा शब्द शोधत होतो. तो ट्रॉट नव्हता, कँटर नव्हता. घाई होती, पण घाईघाई नव्हती. पुढे सर चालले होते, दुसऱ्यांच्या पायांनी, आणि ज्यांना विचारायचं ते तेच होते. तो शब्द मला अजून सापडलेला नाही. गाइडमध्ये असलाच, तर त्याच्यापुढेही 'वेगाने जाणे' एवढंच लिहिलेलं असेल.