ई.ई.जी.च्या खोलीत न बोललेलं वाक्य

रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू चांगलं दिसलं, तर घरी नेऊन सरबत करणारी बाई आहे मी. शहाद्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय… पण घडलं ते घडलं.

माझी भाची खुशी, आठ वर्षांची. माझं लग्न झालेलं नाही, मी भावाकडेच राहते, तेव्हा ती अर्धी माझीच. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. डोळे उघडे, पापण्या फडफडत्या. दहाएक सेकंदांनी परत यायची आणि मधलं काहीच आठवायचं नाही. पाढा म्हणताना सात सत्तेवरून थेट सात दाहेवर! बाई म्हणायच्या, लक्ष नाही. डॉक्टर म्हणाले, फिटचाच प्रकार आहे, मेंदूचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढू.

भाऊने मात्र निकाल लावून टाकला होता. "पोर रस्तामा थांबी गई तं? ऊसना ट्रॅक्टर जातस तठून. शाळा बंद." त्याचा जीव तिच्यात अडकलेला, आणि तो माझ्याहून मोठा. त्याच्यापुढे माझं काय चालणार!

खुशीला घेऊन भाऊ आणि मी नंदुरबारला तपासणीला गेलो. वहिनीने सवयीने खुशीची टाळू तेलाने चपचपीत करून दोन वेण्या घातलेल्या. तेलावर वायरी चिकटत नाहीत म्हणे! हॉस्पिटलच्या नळाखाली मीच तिचं डोकं धुतलं. ती खुदखुदत होती, आणि मला रडू येत होतं.

टेक्निशियन दादा म्हणाले, "पडद्यावर मोठ्या लाटा आल्या की मी बोट वर करीन. तुम्ही एखादा शब्द बोला. ती परत आली की विचारू. मेंदू तेव्हा किती ऐकतोय ते कळतं." तिला जोरजोरात फुंकर घालायला लावली. लाटा उसळल्या, बोट वर झालं… आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. फक्त मनात म्हणाले – शाळा नही सोडानी, मी शे ना.

लाटा ओसरल्या. दादांनी विचारलं, "आत्या काय म्हणाली गं?"

खुशी म्हणाली, "आत्या बोलनी, शाळा नही सोडानी, मी शे ना."

भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. "तू तं काहीच बोलनी नही," तो हळूच म्हणाला. दादांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग परत लावलं. पंख्याची घरघर आणि माझे मिटलेले ओठ. बस्स.

तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं म्हणावं, तर तेव्हा ती कुठेच बघत नव्हती. डॉक्टरांनी हसून खांदे उडवले.

परतताना बसमध्ये खुशी माझ्या मांडीवर झोपली. भाऊने तिचे लोंबणारे पाय आपल्या मांडीवर घेतले. मग म्हणाला, "आता तू बोली गई शे, तं शब्द पाळना पडी."

तेव्हापासून रोज मीच तिला स्कूटीवर शाळेत सोडते-आणते. गोळ्या लागू पडल्यात, पाढे सलग येतात. आता मनातलं सोडाच, तीन हाका मारल्या तरी बया ओ देत नाही.