उजव्या बाजूचं वऱ्हाड

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या तळोद्याच्या शाळेत, मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. फोनवर त्याची बायको सरला होती. सकाळी केळीच्या बागेत पाणी बघायला गेलेला माझा मावसभाऊ छातीत कळ येऊन बांधावरच कोसळला होता. माझ्याहून लहान तो, जायचं वय नव्हतंच. शहाद्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा खरं सांगायचं तर रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं ‘होतील, ताई, होतील’ म्हणत राहिला आणि गाणी तशीच टाकून निघून गेला.

गाणी म्हणजे आमच्याकडची लग्नातली, भांडणाची. नवरीकडच्या बायका एका बाजूला, वऱ्हाडातल्या दुसऱ्या बाजूला, आणि गाण्यातूनच एकमेकींची उणीदुणी काढायची. इकडून टोमणा गेला की तिकडून उत्तर आलंच. डीजे आला तशी ती मागे पडली, म्हणणाऱ्या बायकाही थकल्या. हेमंतच्या डोक्यात आलं की ती रेकॉर्ड करायची, आणि अशी की हेडफोन लावणाऱ्याला मांडवाच्या मधोमध बसल्यासारखं वाटावं. डाव्या कानात नवरीकडच्या, उजव्या कानात वऱ्हाडातल्या. मग माडीवरच्या खोलीत भिंतभर गोधड्या टांगल्या गेल्या, माईक आले, कॉम्प्युटर आला. गावातल्या लोकांनी आधी चेष्टा केली आणि नंतर हळूच आपापली भजनं घेऊन त्याच्याकडे यायला लागले.

पहिल्या दिवशी काकू-मावश्या माडीवर आल्या खऱ्या, पण तोंड उघडेनात. शेवटी थोरली काकू म्हणाली, “लगीन कोनं शे? नवरी नही, मांडो नही, आनि गाना कसा म्हनूत?” बिनलग्नाची ही गाणी म्हणत नाहीत, हे आम्ही दोघं शहाणे विसरूनच गेलो होतो. हेमंत उठून खाली गेला. परत आला तो एका हातात केळीचं रोप आणि दुसऱ्या हातात उसाचं कांडं घेऊन. दोघांना हळद फासली, पाटावर उभं केलं आणि सांगितलं की केळ नवरी, ऊस नवरदेव. बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि आपणहून दोन रांगा करून बसल्या. उसाकडच्यांनी केळीच्या आईबापांचं जे काही काढलं ते इथे छापता येणार नाही. मी केळीकडून गात होते. इतका मनापासून भांडण्याचा आनंद मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे काही दिवसांनी त्याने मिक्सिंग करून ऐकवलं. मी सहज म्हटलं, अरे, वऱ्हाडातल्या फारच ओरडताहेत, आम्ही तर ऐकूच येत नाही. पुढच्या खेपेला गेले तर टेबलावर सुरतहून आणलेली दुसरी स्क्रीन. एका स्क्रीनवर एकेका बाईच्या आवाजाची एकेक ओळ, दुसरीवर आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या आणि शेजारी दोन हिरवे खांब, डाव्या-उजव्या आवाजाबरोबर वरखाली होणारे. त्याची नजर त्या खांबांवरून हलायची नाही. मी म्हणायचे, गाणं ऐकायचं की बघायचं? तो हसून म्हणायचा, “देखीसन बी समजस, ताई.” आणि कधी गाणी मागितली तर अजून बाकी आहेत, एवढंच उत्तर.

उत्तरकार्य झाल्यावर पाहुणे पांगले तेव्हा सरलाने सांगितलं. गाणी रेकॉर्ड झाली त्याच सुमारास आलेल्या तापात त्याचा उजवा कान गेला होता. डॉक्टरांनी तो परत येणार नाही असं सांगितलं होतं. एक बाजू ऐकायची, मग हेडफोन उलटा लावून दुसरी ऐकायची, आणि दोन्हींचा मेळ बसला की नाही ते त्या स्क्रीनवर बघायचं, असं त्याचं चालायचं. अर्धं ऐकू येणाऱ्याकडे गाणं कोण देईल, म्हणून कुणालाही सांगायला तिला बंदी होती. मलाही! मला अजून त्याचा राग येतो. तळोदा काय परदेशात आहे? एक शब्द टाकला असता तर दर रविवारी येऊन शेजारी बसले असते आणि सांगितलं असतं, हे बरोबर, हे चूक.

मग आम्ही दोघी माडीवर गेलो. सरलाने दोन्ही स्क्रीन सुरू केल्या. त्याचं बघून बघून तिला सगळं येतं. मी हेडफोन लावला आणि एकामागून एक गाणी ऐकली. काही म्हणजे काहीही बाकी नव्हतं. टोमणा डावीकडून निघत होता, उत्तर उजवीकडून येत होतं, आणि मी बरोबर मधोमध बसले होते. हे जमलंय, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं, एवढीच उणीव होती… त्यापायी सगळी गाणी अडून राहिली.

सरलाने हेडफोन घेऊन एक गाणं पूर्ण ऐकलं. मग हेडफोन उजव्या कानावरून बाजूला सरकवला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. मी तिच्याकडे बघत राहिले तशी म्हणाली, “त्यासले कितलं आयकू ये, ते देखी ऱ्हायनू.”

ती उठल्यावर मीही तसंच केलं. सगळं वऱ्हाड नाहीसं झालं. नवरीकडच्या आम्ही तेवढ्या उरलो, समोर कुणी नसताना भांडत.