लेक थांबली नाही

इंटरनेटच्या वेगाच्या गप्पा निघाल्या की मला एक अनोळखी बाई आठवतात. मंगरूळपीरच्या ज्या दुकानात माझा मोबाइल दुरुस्तीला होता, तिथे त्या भाजीच्या रिकाम्या टोपलीतून घरचा राउटर काढत होत्या. लेकराचं तोंड पुसावं तसा त्यांनी तो पदराने पुसला.

"कंपनीचं सॉफ्टवेअर काढ अन् ते फुकटचं, लोकायनं मिळून बनवलेलं टाक," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "घरी बुढ्यानं टीव्हीवर क्रिकेट लावलं का फोनमंधली माही लेक तोंड उघडं ठिवून थांबून जाते."

दुकानदाराने आधी वेग मोजला. मग बजावलं, "काकू, मधात लाईट गेली तं राउटर कामाचा राहाचा नाही."

"टाक," म्हणत बाईंनी स्वतःच उठून पंखा बंद केला. तेवढाच विजेवरचा भार कमी! आम्ही तिघं घामाघूम होऊन राउटरकडे बघत बसलो. अखेर हिरवा दिवा लागला, तेव्हा मीच टाळी वाजवली.

पुन्हा मोजलं, तर वेग आधीपेक्षा थोडा कमीच भरला. दुकानदार ओशाळला. बाईंनी मात्र त्याला त्याच राउटरवरून कॉम्प्युटरवर सिनेमा लावायला सांगितलं आणि त्यावरूनच पुण्याच्या लेकीला व्हिडिओ कॉल केला. सिनेमा चालत राहिला. लेक बोलली, हसली, कुठेच अडकली नाही. नवं सॉफ्टवेअर सिनेमाला सगळी लाइन खाऊ देत नव्हतं, कॉलसाठी वाट मोकळी ठेवत होतं.

"काहून तोंड पाडून राह्यला?" बाई दुकानदाराला म्हणाल्या. "मले काय शर्यत लावाची हाये? मले लेकीसंग बोलाचं हाये."

पलीकडून लेकीने विचारलं, "आई, ठेवू का आता?"

"कायले? आता तं सुरू झालं," म्हणत बाईंनी स्टूल पुढे ओढलं.