झाकलेली गाठ

गळूला नाडी असते का? आमच्या घरात हा प्रश्न वहिनीनं विचारला, आणि अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, तिला गप्प बसवलं.

माझा मोठा भाऊ, अण्णा, शुक्रवार पेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मुतखड्याच्या कळांवर त्याला पेथिडीनची, अफूसारखी सवय लावणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं मिळाली. खडा पडून गेला, सुई राहिली. हातांच्या शिरा बुजल्या तेव्हा तो जांघेत टोचून घेऊ लागला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं, कारण दुधनीच्या एका अडत्याच्या घरी माझं लग्न ठरत आलं होतं. नशेबाजाची बहीण कोण करून घेणार?

जांघेत लिंबाएवढी गाठ आली, ताप चढला. अव्वा ज्वारीच्या पिठाचं गरम पोटीस बांधत राहिली. गाठ मोसंब्याएवढी झाली, तेव्हा तिनं गल्लीतल्या न्हाव्याला बोलावलं. गळवं तोच फोडायचा.

"पिकलंय. एक चीर दिली की मोकळं," तो म्हणाला.

वहिनीनं पोटीस सोडलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. "आत्याबाई, हे उडतंय की. गळूला नाडी असती का?"

"तुलाच लई कळतंय. हो बाजूला."

अण्णा तापातही हसला. "मारू दे चीर. सगळेच सुटू."

वहिनी हलली नाही. न्हाव्याचा वस्तरा तिनं पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "टांगा आणा."

सरकारी दवाखान्यात सर्जननं गाठीवर बोटं टेकली. "सुया टोचून घेतो का हा?"

"काटा रुतलाय, साहेब," अव्वा म्हणाली.

"जांघेत?"

अव्वा माझ्याकडं बघत राहिली. वहिनी म्हणाली, "पेथिडीन घेतात. हितंच टोचतात."

सुईच्या घाणीनं पायाला रक्त नेणारी मुख्य नळी सडली होती, तिला फुगा आला होता. चीर दिली असती तर अण्णा अंथरुणातच रक्त जाऊन मेला असता. आता नळी वरून-खालून बांधायची आणि सडका भाग काढून टाकायचा, असं सर्जननं सांगितलं. "जीव वाचेल कदाचित. पायाचं सांगत नाही. आधी आणायचं होतंत."

जीव वाचला. पाऊल आधी गार पडलं, मग काळं. मांडीतून पाय कापला. शुद्धीवर आल्यावर अण्णानं पायाचं विचारलंच नाही, सुई मागितली. ओरडून, रडून, वहिनीच्या पाया पडायला वाकत मागितली. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "दे की गं बाई, अजून एक पाय हाय त्याला." वॉर्ड हसला.

दुधनीहून नकार आला. ज्या अब्रूसाठी माणूस सडू द्यावा लागतो, ती अब्रू मला नको होती, पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी सुई घेत असेल आणि टोचल्या जागी गाठ आली, तर पोटीस नको, वस्तरा नको. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरनं विचारायच्या आधी सुईचं सांगा.