वापरात असल्यासारखी जागा

कुठेही बसण्याआधी ती टेबल दोन बोटांनी हलवून बघायची. डगमगलं तर कागदाची घडी करून पायाखाली सरकवायची, मग ते दाताच्या दवाखान्यातलं का असेना. नव्या खोलीत शिरली की आधी भिंतीतले सॉकेट शोधायची, मग माणसं. कप सुटे घ्यायची. सेट कधीच नाही. दिव्याखाली हात धरून सावली कुठे पडते ते बघायची. फोनवर कुणी थांबायला लावलं, की तो स्पीकरवर टाकून घर आवरायला घ्यायची. तेवढीच घरात जाग.

काम तिचं ऑफिसं सजवण्याचं. एका कंपनीची नव्हेत. कुणीही यावं, दिवसाचं नाहीतर महिन्याचं भाडं भरावं आणि अनोळखी माणसाशेजारी बसून आपापलं काम करावं, अशी को-वर्किंगची ऑफिसं. दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये किती जागा हवी, छताला आवाज शोषणारे पॅनेल कुठे लागतील, फोनवर भांडायला काचेची खोली कोणत्या कोपऱ्यात असावी, हे सगळं ती ठरवायची. लोक शेजारी बसून एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत आणि एकमेकांना पारके वाटू नयेत, एवढंच तिला साधायचं असायचं. ते तिला छान साधायचं.

पण तिचं नाव झालं होतं ते शेवटच्या दिवसामुळे. जागा तयार झाली, फरशी पुसून झाली, की ती एकटी मागे राहायची. रिकाम्या खोलीत पहिलं बसायला कुणी धजत नाही. म्हणून ती खोली वापरात असल्यासारखी करायची. एका खुर्चीवर कोट. टेबलावर उपडं पुस्तक. चष्मा. टोक मोडलेली पेन्सिल. अर्धा भरलेला कप. बघायला येणारा माणूस दारात उभा राहूनच काय ते ठरवतो, असा तिचा अनुभव. मग दारात उभं राहून ती पुन्हा पुन्हा बघायची आणि एकेक वस्तू थोडी थोडी वळवायची.

तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारा सुतार दारातून ओरडायचा, "ताई, बसवली का भुतं?"

"दोन राहिलीत. तुम्ही बसता का?"

"मी बसलो तर घोरेन. तुमची भुतं उठून जातील."

एका ऑफिसात तिने ठेवलेला कोट खिडकीजवळच्या खुर्चीवर तसाच राहून गेला. महिना उलटला तरी ती खुर्ची कुणी घेतली नाही. तिथे कुणीतरी बसतं, असं म्हणून लोक पुढे सरकायचे. ती काही दुरुस्तीसाठी गेली तेव्हा कोटाच्या खिशात एक चिठ्ठी खोचलेली होती. 'खिडकी थोडी लावून घ्याल का? वारा लागतो.' तिने चिठ्ठी वाचली. खिडकी लावली. कोट उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तिचं स्वतःचं टेबल मात्र यातल्या कुठल्याच ऑफिसात नव्हतं. माणसं येऊ लागली की ती निघायची.

घरी आई होती. गेल्या वर्षी आई गेली. दोन खोल्यांचा फ्लॅट आणि पन्नाशीला टेकलेली ती, एवढंच उरलं. दादाला ते बघवेना. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बसमधला निवृत्त कंडक्टर, पलीकडच्या गावी राहणारा. तो दर फोनला तेच म्हणायचा.

"फ्लॅट विकू आणि तू आमच्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे."

"दादा, मी मजेत आहे. इथे माणसांचा नुसता राबता असतो."

"राबता?"

"सारखं कुणी ना कुणी येतंच."

"मग येऊन बघतो एकदा. राबता दिसला तर पुन्हा शब्द काढणार नाही. नाही दिसला तर सामान बांधायचं. कबूल?"

ती कबूल म्हणाली. आई गेल्यावर दार वाजवलं होतं ते गॅसवाल्याने आणि मीटर बघायला आलेल्या माणसाने. मागची खोली तिने पाहिली होती. तिथे वहिनीचं शिलाईयंत्र होतं आणि खिडकी भिंतीकडे उघडत होती.

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. दाराशी पुरुषाच्या चपला ठेवल्या. ओट्यावर चार सुटे कप विसळून उपडे घातले, दोन टेबलावर ठेवले. पत्ते पिसून अर्धा डाव मांडला. खुर्चीच्या हातावर उपडं पुस्तक, त्याच्यावर कुणाचा तरी चष्मा. पाठीवर शाल. दारात उभी राहिली. खोली गजबजलेली दिसत होती. आत्ताच सगळे उठून गच्चीवर गेलेत जणू.

दादा आला. दारात तो थांबलाच नाही. धाप लागली होती, सरळ आत जाऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. पाणी प्यायला. खोली बघत राहिला. बिनतिकिटाचा चेहरा ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता.

"कोण कोण येतं?"

"येतात. मैत्रिणी. कामावरचे."

"आणि सगळे दाराकडे तोंड करून पत्ते खेळतात?"

तिला कळलं नाही.

"इकडे ये, चिमे. इथे बस."

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. इथून पत्ते उलटे होते. कपांचे कान पलीकडे होते. पुस्तकाचं नाव पलीकडे, चष्मा पलीकडे, शालीची नक्षीसुद्धा पलीकडे. इथे बसलेल्या माणसाकडे खोलीतल्या एकूण एक वस्तूने पाठ फिरवली होती. एवढ्या खोल्या तिने मांडल्या होत्या. आतून एकही पाहिली नव्हती.



"सामान बांधू?" तिने विचारलं.

"आधी चहा टाक."

तिने चहा केला. त्याने पिऊन कप पुन्हा पुढे केला.

"वहिनी विचारेल, कोण येतं म्हणून," ती म्हणाली. "काय सांगणार?"

"सांगेन, एक जण येतो. जाडा आहे. चहा दोनदा मागतो."

तिला हसू आलं आणि मग ते थांबेना.

"दर महिन्याला येईन," दादा म्हणाला. "पण त्याच दिवशी परत जायची बस आता झेपत नाही. राहायला लागेल. निजायला काय आहे? पत्ते?"

दादा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने सुताराला घरी बोलावलं. खिडकीखाली बाक करायचा, दिवसा बसायला, रात्री झोपायला. सुताराने जाड फळी आणून भिंतीला टेकवली, एक टोक रंधा मारून गुळगुळीत केलं.

"लांबी साधारण माणसाची धरतो, ताई. नेहमीसारखी."

जन्मभर ती साधारण माणसाच्याच मापाने टेबलं आणि खुर्च्या करून घेत आली होती.

"साधारण नको," ती म्हणाली. "दादा झोपणार आहे."

तिने फोन लावला. "दादा, तुझी उंची किती?"

"कुणास ठाऊक! तुझ्या वहिनीला विचारू नको, ती त्यातही दोन बोटं कमी सांगेल. मोजून कळवतो."

त्याने मोजली. सकाळी त्याने फोन केला तेव्हा तो वाजत राहिला. ती आदल्या संध्याकाळी एका नव्या ऑफिसच्या जिन्यात बसली होती ती उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. बाजूने लोक वर-खाली करत होते. कुणाची तरी वाट बघत असेल, असं त्यांना वाटलं.

फळी खिडकीखाली उभी आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला मापाची पेन्सिलची रेघ ओढायची राहिली आहे.