कोंबडीआत्याची काठी

कोंबडीआत्या चालू लागली की मागं कोंबड्यांची रांग लागायची. ती आडावर गेली की कोंबड्या आडावर, ती न्हाणीत गेली की न्हाणीच्या दाराशी. सगळं गाव तिला याच नावानं हाक मारी आणि ती खुशाल ओ देई. राग यायचा तो मला. माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती एका डालग्यात दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या घेऊन, बाकी सासरचं काही तिनं आणलं नाही. जवळा बाजार नावाच्या पेठेपासून कोसभर आत आमचं गाव. तिथं तिच्या हाताखाली त्या दोनाच्या किती झाल्या, कुणी मोजल्या नाहीत.

आत्या भित्री होती. किती भित्री म्हणून सांगू! वीज कडाडली की भ्यायची, मारक्या बैलाला भ्यायची, घोड्यावरून गावात शिरणाऱ्या कुठल्याही माणसाला भ्यायची. मग मुकाट्यानं ओसरीवर बसायची आणि चांदणीला पोटाशी धरायची. चांदणी म्हणजे तिची पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी. "हिचं काळीज माह्यापेक्षा जोरात उडून राहिलं बघ," म्हणायची, "तरी कशी निवांत बसलीय बया!" घटकाभरानं आत्याही निवांत व्हायची. दादा चिडवायचे, "ताई, कोंबडी पाळलीस का पोरगी?" आत्या म्हणायची, "तुला काय करायचं? तुह्या ताटातलं खाती का?"

मग निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष आलं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव धाडी घालू लागल्या. कुठं गंजी पेटवल्या, कुठं बायका ओढून नेल्या, अशा बातम्या बाजाराच्या दिवशी यायच्या. आमच्या मातीच्या सपाट छताच्या, माळवदाच्या घरात आतल्या खोलीला बळद होतं, म्हणजे दोन भिंतींच्या मधली, धान्य साठवायची अंधारी, अरुंद जागा. वेळ आलीच तर आई, आत्या आणि मी बळदात शिरायचं आणि दादांनी तोंडावर गोधड्यांची चळत रचायची, असं ठरलं होतं. मागं बळद आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

एका दुपारी वेशीकडून "आले, आले!" अशी आरोळी उठली. आम्ही बळदात शिरलो, दादांनी गोधड्या रचल्या आणि ते बाहेर बघायला धावले. आली नुसती धूळ. मेंढरं होती ती. दादा परत आले तर खोलीभर कोंबड्या! साऱ्या जणी गोधड्या उकरत होत्या आणि चांदणी चळतीवर चढून आत्याला हाका मारत होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा दादांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"ताई, ह्या तुला हुडकून राहिल्यात. धाडवाल्याला दुसरा वाटाड्या कशाला पायजे? उद्या समद्या कापतो."

आत्यानं त्यांचा हात धरला. "पुढल्या बाजारापस्तोर थांब. त्या मला भ्यायला लागल्या तर सोडशील?"

"तुला? तुला कोण भिणार?"

"भितील. भ्या कसं वाटतं ते माह्याइतकं कुणाला ठावं हाय? शिकवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काठी घेतली. कोंबड्यांना वाटलं, हा काहीतरी नवा खेळ आहे. चांदणी तर काठीवरच चढायला बघत होती. आत्यानं ढेकळं मारली, अंगावर धावून गेली, एकेकीला पाय धरून उलटी टांगली. मग घरात यायची, तोंडात पदर कोंबून रडायची आणि डोळे पुसून पुन्हा अंगणात. मला ते बघवेना. "आत्या, काहून मारतीस गं तिला?" मी चांदणीला पाठीशी घालत विचारलं. "सोड तिला," ती ओरडली, "जगायची असंल तर सोड!" तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा आत्याची सावली पडली तरी कोंबड्या माळवदावर उडून बसत होत्या. दादांनी सुरी काही काढली नाही.

आणि खरी धाड आली. भर दुपारी. दादांनी गोधड्या रचल्या आणि ते बाहेर धावले. बळदात आत्याचा हात माझ्या तोंडावर होता आणि तिच्या काळजाचे ठोके माझ्या पाठीला लागत होते. आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. माझे कान लागले होते ते गोधड्या उकरल्याच्या आवाजाकडे. आता उकरतील, आता चांदणी हाक मारील! खोलीत पावलं आली. भांडी आपटली. वरची एक गोधडी कुणीतरी ओढली आणि बळदात उजेडाची तिरीप पडली. पण कोंबड्यांचा कलकलाट होता तो दूर, माळवदावर. बाहेरून कुणीतरी घाईनं हाक दिली, ओढलेली गोधडी तिथंच टाकून पावलं वळली. त्यानंतरही आत्यानं माझ्या तोंडावरचा हात कितीतरी वेळ काढला नाही.

पुढं निजामाला हटवणारी फौज आली, टोळ्या पांगल्या, लोक पुन्हा उघड्या दारानं बसू लागले. आत्यानं काठी चुलीत घातली. रोज ओंजळीत ज्वारी घेऊन अंगणात बसायची आणि "तीऽ तीऽ तीऽ" करायची. कोंबड्या लांबूनच माना वाकड्या करून बघायच्या. "येतील," आत्या म्हणायची, "मुकं जनावर हाय, इसरंल." मला वाटायचं, विसरतील.

चांदणी खुडूक बसली, पिल्लं निघाली. एका सकाळी ती पिल्लांना घेऊन उकिरड्याशी फिरत होती आणि आत्या ज्वारी घेऊन बाहेर आली. तोच चांदणीनं घार दिसल्यावर काढावा तसा लांब आवाज काढला. पिल्लं तीरासारखी धावली आणि तिच्या पंखांत शिरली. मी घाबरून वर बघितलं. आभाळ मोकळं होतं. चांदणी आत्याकडं बघत होती.

आत्यानं ओंजळ जमिनीवर रिकामी केली. मागं न बघता उलट्या पावली घराकडं वळली आणि माझा हात धरून मलाही आत ओढलं.

"दार लोट गं," ती म्हणाली, "आपून दिसलो तर लेकरं उपाशी ऱ्हातील तिची."